तक्रारीची खुर्ची

मगदूम बाई गेल्याची बातमी मला बापूंनी दिली. सकाळी दुधाच्या वेळेला फोन वाजला आणि पलीकडून नेहमीचा दणदणीत आवाज न येता नुसताच श्वास ऐकू यायला लागला, तेव्हाच मी ओट्याला धरून उभी राहिले. "म्याडम, बाई गेल्या की वो..." एवढंच बोलले. फोन तसाच चालू राहिला, मागं कुठं तरी किटल्या वाजत होत्या. रोजचा रतीब घालायला ते मंगळवार पेठेत बाईंच्या दारात गेले होते, तेव्हा बाईंच्या धाकट्या बहिणीनं दार उघडून सांगितलं होतं. झोपेतच गेल्या म्हणे. बापू म्हणजे तोच माणूस, ज्यानं एकेकाळी आमच्या शाळेच्या मैदानात तालमीची पोरं गोळा करून 'मगदूम बाईंना शाळेतून काढा' म्हणून घोषणा दिल्या होत्या. बाई गेल्याचं घराबाहेरच्या माणसांत सगळ्यात आधी कळलं ते त्याला, आणि सांगताना त्याला शब्द फुटत नव्हता. हे असं कसं झालं ते सांगावं म्हणून आज लिहायला बसले आहे. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "वंदना, थोडक्यात आवर." पण ते मला कधीच जमलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि पुढं पर्यवेक्षिका झाले. बाई आमच्या ग्रंथपाल. मूळच्या हातकणंगल्याकडच्या, सुरुवातीची कितीतरी वर्षं सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या आणि घाम पुसत थेट ग्रंथालयाचं कुलूप काढायच्या. ग्रंथालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबोडकी खोली. इतर शाळांत पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात आणि मुलांना काचेतून त्यांची तोंडं बघायला मिळतात. बाईंनी आल्या आल्या कपाटांची दारंच काढून टाकली. पुस्तकं हरवतील म्हणून आम्ही सगळ्यांनी बोंब मारली. "हरवू देत की," बाई म्हणाल्या, "हरवलेलं पुस्तक कुणाच्या तरी घरात असतंय." नवीन आलेलं प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायचं आणि मगच फळीवर ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे फळीवरच्या कुठल्याही पुस्तकाची जबाबदारी त्या अंगावर घ्यायच्या. पालकांकडून तक्रार आली की मी उसळायची. माझा स्वभाव मुळातच तापट. बाई थंड होत्या असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. त्याही तापट होत्या, फक्त तो ताप त्या कुठं जिरवायच्या ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

तक्रारींसाठी बाईंनी एक पद्धत बसवली होती, ती दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या टेबलासमोर हात असलेली एक लाकडी खुर्ची होती. आम्ही तिला तक्रारीची खुर्ची म्हणायचो. ज्याला एखाद्या पुस्तकाबद्दल तक्रार असेल त्यानं शाळा सुटल्यावर त्या खुर्चीत बसायचं आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं. एका दिवसात नाही झालं तर दुसऱ्या दिवशी यायचं. चहा बाईंचा. वाचन पुरं झाल्याशिवाय पुस्तक फळीवरून हलवायचं नाही आणि शाळेच्या ग्रंथालय समितीनं त्यावर बोलायचंही नाही. हा नियम बाईंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावला होता. निम्मे लोक तो वाचूनच परत जायचे. हीच त्यातली युक्ती, असं मी कौतुकानं म्हटलं तेव्हा बाईंना ते मुळीच आवडलं नाही. "परत गेलेत त्यांचा राग तसाच राहिला की गं," त्या म्हणाल्या. "माणसाला राग आला म्हणजे त्यानं पुस्तक निदान उघडलंय. त्याला पुढं न्यायचं सोडून मी दारातनं घालवू व्हय?"

जे राहिले त्यांच्या गमती काय सांगाव्यात! एक निवृत्त गृहस्थ आले. आठवीच्या मुलींसाठी शरीराची माहिती देणारं एक पुस्तक बाईंनी आणलं होतं, ते त्यांनी नातीच्या दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाला दिसू नये म्हणून बगलेत मारून आणलं. खुर्चीत बसून वाचायला लागले. मासिक पाळीच्या प्रकरणाशी आल्यावर आवाज इतका खाली गेला की बाईंना कानामागं हात धरावा लागला. "जरा मोठ्यानं," बाई म्हणाल्या, "मला ऐकू येईना झालंय." बिचारे घसा खाकरून वाचत राहिले. शेवटचं पान झाल्यावर पुस्तक बाईंच्या पुढं सरकवत म्हणाले, "आमच्या थोरल्या बहिणीला ह्यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. फार घाबरली होती ती." जाताना वर्तमानपत्राचं वेष्टण टेबलावरच ठेवून गेले.

पण प्रत्येक तक्रार अशी परतवायची असते असं बाईंनी कधी मानलं नाही. गल्लीच्या तोंडाला कात्र्यांना धार लावणारे शिकलगार होते, त्यांच्या बायकोनं एक गोष्टीचं पुस्तक आणलं. त्यातला प्रत्येक चोर, प्रत्येक लबाड माणूस त्यांच्या समाजातल्याच नावाचा. वर्गातली पोरं तिच्या मुलाला त्या चोरांच्या नावानं हाका मारायला लागली होती. ती वाचायला बसली, नीट वाचत होती, आणि तिसऱ्या गोष्टीला बाईंनी पुढं होऊन पुस्तकावर हात ठेवला. "आता वाचू नका वहिनी. मला कळलं. निवडलं मीच, चुकलं माझं." समितीत मी कडाडून भांडले. आज एक काढलं की उद्या दहा काढायला सांगतील, असा माझा मुद्दा. बाई शांतपणे म्हणाल्या, "जे काढायलाच पायजे ते मी काढलं न्हाय, तर बाकीच्यांसाठी कुठल्या तोंडानं भांडू?" दुसऱ्या दिवशी बाई स्वतः त्या वर्गात गेल्या आणि मुलांशी काय बोलायचं ते बोलल्या. शिकलगार वहिनी पुढं शाळेच्या पालकसभेत पहिल्या रांगेत बसायच्या.

आता बापूंची गोष्ट. बापूंच्या म्हशी आहेत. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून ग्लास हातात देणारा माणूस, तालमीतला जुना पैलवान, पेठेत शब्दाला वजन. त्यांची मुलगी सायली आमच्याकडे आठवीत होती. बाईंच्या फळीवर आपल्याच भागातल्या बोलीत लिहिलेली एक कादंबरी होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, भांडणामुळे प्रसिद्ध व्हावं असं ते पुस्तक नाही. गवळ्याच्या घरातली एक मुलगी, तिची लाडकी म्हैस आणि दारू पिऊन आईला मारणारा बाप, अशी ती गोष्ट. एका पानावर ती मुलगी बापाला शिवी देऊन घराबाहेर काढते. सायलीनं घरी नेलेल्या पुस्तकातल्या नेमक्या त्या पानाचा फोटो तिच्या चुलतभावानं मोबाईलवर काढला आणि 'पोरींनी बापाला शिव्या द्यायच्या, ही शाळेची शिकवण' असं वर लिहून पेठभर फिरवला. पान एकच, आणि आग सगळ्या पेठेला. बापूंनी सायलीला घरी बसवलं. पुस्तक जाईल तेव्हा पोरगी येईल, नाहीतर तिची शाळा संपली, असं त्यांनी निरोपात कळवलं. संस्थेच्या सचिवांचाही फोन आला. "बाई, एक पुस्तक काढून टाका आणि विषय मिटवा." बाईंनी त्यांना ऐकवलं, "विषय पुस्तकाचा न्हाय साहेब, पोरीचा हाय. पुस्तक काढलं तर ती परत येईल, पण मग पुन्हा कधी पुस्तक घरी न्यायची न्हाय."

आणि मग ती दुपार. मैदानात घोषणा सुरू होत्या, पुढं बापू, दंडाच्या बेटकुळ्या फुगलेल्या, चेहरा लाल. मी वरून बघत होते आणि खरं सांगते, खाली उतरायचं धाडस मला झालं नाही. बाई पदर खोचून खाली उतरल्या. त्या एवढ्याशा बाई, त्या घोळक्यात दिसेनाशाच झाल्या. मग त्यांचा आवाज ऐकू आला. "पावणं, उनात कशाला उभारलाय? तक्रार ज्याची हाय त्यानं वर यावं. चहा टाकलाय." बापू वर आले, त्यांच्या मागं चारपाच पोरं. बाईंनी तक्रारीची खुर्ची ओढून दिली आणि कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. "ह्यातलं जे टोचलं असेल ते सगळं ऐकायचं आहे मला," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानापासनं वाचा." मागची पोरं जोरात आली. "वाचा बापू, ऐकू दे त्यास्नी!"

बापूंनी पुस्तक उघडलं. खिशातून मोबाईल काढला, फोटो उघडला आणि तो पुस्तकाच्या पानांशेजारी धरून एकेक पान उलटायला लागले. एकदा फोटोकडे बघायचे, एकदा पानाकडे, चित्राशी चित्र जुळवून बघावं तसे. कपाळावर घाम. मला वाटलं, माणूस रागानं थरथरतोय. पोरं मागून वाचा वाचा करत होती. बाई काही क्षण त्यांच्याकडे बघत होत्या... आणि मग अगदी सहज, दूध उतू जातंय का विचारावं तशा म्हणाल्या, "चष्मा राहिला वाटतं घरी?" बापूंनी मान वर केली. हळूच हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, खिसा चाचपला. "व्हय की..." ते म्हणाले, "राहिला." बाईंनी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं. "मग मी वाचतो. आमची पद्धतच हाय तशी, तक्रार करणाऱ्यानं ऐकायचं." कोल्हापूरच्या बायका 'मी वाचतो, मी जातो' असंच बोलतात, बाईही त्यातल्याच. पण मला धक्का बसला तो पद्धतीचं ऐकून. नियम तर बरोबर उलटा, बाईंच्याच अक्षरात, त्यांच्याच मागच्या भिंतीवर! मी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि पाठ ताठ करून अशी बसल्या की तो पुठ्ठा त्यांच्या मागं पुरता झाकून गेला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बापूंनी आयुष्यात कधी चष्मा लावलेला कुणी पाहिला नव्हता.

ज्या नियमावर बाई इतकी वर्षं ठाम राहिल्या, ज्याच्यासाठी त्यांनी सचिवांपासून आमदारांच्या माणसापर्यंत कुणाचीही भीड ठेवली नव्हती, तो नियम त्यांनी एका क्षणात पाठीमागं टाकला. तोही त्या माणसासाठी, जो खाली मैदानात त्यांची नोकरी मागत होता. मला ते सुचलं नसतं. मला तर त्या क्षणी जिंकल्याचाच आनंद झाला असता. बाईंनी तेवढ्यावर आणखी एक गोष्ट केली. पुस्तक मिटून म्हणाल्या, "एक आहे पण. वाचन संपेपर्यंत पुस्तक टेबलावर आणि सायली वर्गात. चालंल?" बापू सुटल्यासारखे म्हणाले, "चालंल की." दुसऱ्या दिवशी सकाळी सायली दोन वेण्या घालून प्रार्थनेच्या रांगेत उभी होती.

वाचन सुरू झालं. पहिल्या दिवशीची पोरं दुसऱ्या दिवशी पेंगली, तिसऱ्या दिवशी आलीच नाहीत. बापू मात्र कट्ट्यावर जायच्या आधी रोज यायचे, येताना चहासाठी दूध आणायचे. बाई विचारायच्या, "आज तरी आणलासा का चष्मा?" बापू खिशावर हात मारायचे. "राहिला की, बाई." दोघंही चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचे नाहीत आणि बाई वाचायला लागायच्या. एकदा म्हैस विण्याच्या प्रसंगात वाचन थांबलं आणि दुसऱ्या दिवशी बापूंना उशीर होणार होता, तर माणूस पाठवून निरोप दिला की मी आल्याबिगर एक वळ वाचायची न्हाय. तक्रारदार असा उतावळा झालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

मग ते पान आलं. मी मुद्दाम कपाटाशी पुस्तकं लावायचं निमित्त करून थांबले होते. बाईंनी शिवी गिळली नाही की आवाज खाली आणला नाही, बाकीचं वाचलं तसंच तेही वाचलं. बापूंची मान खाली. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या तोंडातनं ह्ये ऐकाय बरं न्हाय वाटत." बाई म्हणाल्या, "मलाबी वाचाय बरं न्हाय वाटत. त्या पोरीला म्हणताना तरी बरं वाटलं असंल का?" बापू बराच वेळ आपल्या पंज्यांकडे बघत राहिले... ते पंजे कुठं कुठं उठले असतील याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला, बाईंच्याही आला असेल. "न्हाय," ते शेवटी म्हणाले. "न्हाय वाटलं असंल. वाचा फुडं."

शेवटचं पान झालं त्या दिवशी बापूंनी निकाल दिला. "माझी तक्रार हाय. बाप लई वंगाळ दावलाय. पण पुस्तक ऱ्हाऊ दे." समितीच्या इतिवृत्तात बाईंनी जसंच्या तसं लिहिलं, तक्रार कायम, पुस्तकही कायम. जाता जाता बापू दारात थांबले. "सायलीनं ह्ये सगळं वाचलंय?" बाई म्हणाल्या, "सगळं." "मग मला कवा काय बोलली न्हाय ती." "इचारा की तिला," बाई म्हणाल्या. बापलेकीत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सायली पुढं शिकत राहिली, आता कॉलेजात आहे, एवढं ठाऊक आहे. मी त्या संध्याकाळी बाईंना गाठलं. "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?" बाईंनी माझ्याकडे निरागसपणे पाहिलं. "काय?" "चष्म्याचं." "राहिला हुता की त्यांचा," असं म्हणून बाई कुलूप शोधायला लागल्या. त्यानंतर मी कितीदा तरी खोदून पाहिलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघी फिरायला जायचो, जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचो, पण याच्यावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. ते गुपित त्यांनी माझ्यापासूनही राखलं, आणि मी तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं!

बाईंच्या आठवणीसाठी आम्ही शाळेच्या ग्रंथालयातच जमलो. भाषणं झाली, चांगली झाली, माझं जरा लांबलं. सगळे गेल्यावर बापू मागं राहिले. केस पिकलेत आता. भिंतीवरचा पुठ्ठा पिवळा पडलाय, पण आहे. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "म्याडम, त्यात काय लिवलंय ते मला आदीच म्हाईत हुतं. सायलीनं सांगितलंतं घरात, की तक्रार केली की वाचाय लागतंय. म्हणून तर पोरं घिऊन आलतो. म्हटलं दंगा झाला की वाचायची पाळीच याची न्हाय. तर ह्या बाईनं वर बोलावलं..." माझ्या डोळ्यांसमोर ती दुपार पुन्हा उभी राहिली, तो लाल चेहरा, तो घाम. ज्याला मी राग समजत होते ती सगळी भीती होती. बाईंनी ती पहिल्या पानालाच वाचली होती. बापू सांगत राहिले. रोज सकाळी दूध मापून झालं की बाई पायरीवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. गेली कित्येक वर्षं. हे मला, त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, त्या दिवशी कळत होतं. "तुम्हाला वाचायला शिकवते, असं नाही म्हणाल्या कधी?" मी विचारलं. "म्हणाल्या की. मीच म्हटलं, आता शिकून काय करायचं, तुमी हायसा की." मी भीत भीत विचारलं की हे सगळं लिहिलं तर चालेल का. "लिवा," ते म्हणाले. "बाई सांगायच्या न्हाईत, कुणी तरी सांगाय पायजे. पण नाव बदला. कट्ट्यावर गिऱ्हाइकं हसतील." म्हणून नावं बदलली आहेत.

मला वाटलं आता निघतील. पण बापू सावकाश तक्रारीच्या खुर्चीत जाऊन बसले. समोर बाईंची खुर्ची रिकामी होती, आणि कार्यक्रमासाठी कुणी तरी फळीवरून काढून आणलेली ती कादंबरी टेबलावर होती, पोरांच्या हातांनी कडा मऊ झालेली. बापूंनी ती पुढं ओढली, उघडली, पानावर तळवा ठेवून बसले. मग हात आपसूक खिशाकडे गेला. खिशावर दोनदा मारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चष्मा राहिला की, म्याडम."

मी टेबलाला वळसा घालून गेले, बाईंच्या खुर्चीत बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.